तुम्ही विचारलंत म्हणून: आठवा आणि बारावा

"रक्त गोठण्याची ती साखळी रोज बघता, तरी ती उत्क्रांतीत टप्प्याटप्प्याने आपोआप जुळली असं वाटतं तुम्हाला?" लॅबमध्ये डबा खाताना, सोसायटीच्या गच्चीवर, भाच्याच्या साखरपुड्यातसुद्धा हेच. आता लिहूनच टाकते.

एकेकाळी मी तुमच्याच बाजूची होते, ही साखळी कुणीतरी रचलीय म्हणणाऱ्यांच्या. एक कडी काढली की सगळी साखळी निकामी, मग ती हळूहळू बनलीच कशी, हा अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही यांचा १९९६ मधला मुद्दा मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. माझ्या भावाला हिमोफिलिया होता, रक्त नीट न गोठण्याचा आजार. साखळीतल्या प्रथिनांना आम्ही घटक म्हणतो, त्यांना क्रमांक असतात. त्याच्यात आठवा घटक नाही, बाकी सगळे शाबूत. दुधाचा दात पडला की आई रात्रभर कापसाचे बोळे बदलत बसायची. एकोणिसाव्या वर्षी गेला.

मग एक बाई ऑपरेशनसाठी आल्या. नेहमीची एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची चाचणी. साधारण तीस सेकंदांत गोठायला हवं, दीडशे झाले तरी नळीत पाणीच. म्हटलं, रक्त कमी भरलं असेल. निळ्या बुचाची दुसरी नळी मागवली. तेच. निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) मिसळला तर गोठलं, म्हणजे एखादा घटकच गायब. भावाचे आकडेही इतके वाईट नसायचे. वॉर्डात जाणं माझं काम नव्हे, पण राहवेना. "मावशी, दात काढलाय कधी?" "तीन काढले. बाळंतपणंही तीन. का गो?" रक्त? "सगळ्यांचं जातं तेवढंच." हातावर एक काळानिळा डाग नाही.

बारावा घटक निघाला. जवळजवळ शून्य. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी जिन्यात जाऊन रडले. आनंदाने नव्हे. हिची कडी निखळलीय आणि हिला पत्ताही नाही!

हा बारावा घटक १९५५ मध्ये जॉन हेगमन या अमेरिकन रेल्वे कामगारामुळे कळला. त्याच्यात तो नव्हता, आणि पुढे तो गेला तो फुप्फुसातल्या गुठळीने. डॉल्फिनमध्ये तर हा घटक नसतोच. बीहींचे पाठीराखे म्हणतात, बारावा साखळीच्या गाभ्यात धरलेलाच नाही. बरं, मान्य. मग गाभ्यातला पाचवाच घ्या. तो आणि आठवा सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे आहेत, एकाच जुन्या जनुकाच्या दोन प्रती. प्रत निघाली तेव्हा ती जास्तीचीच होती. जास्तीची गोष्ट पुढे अंगवळणी पडते आणि तिच्यावाचून अडायला लागतं. अनुवंशशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी हे १९१८ मध्येच मांडलं होतं.

मी लोकलचा दाखला देते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्याआधीही मुंबई चालतच होती. आज तासभर गाड्या थांबवून बघा. यावर गच्चीवरचे काका हमखास म्हणतात, "पण लोकल कुणीतरी बांधली ना!" बांधली. दाखला तिथे लंगडा पडतो, मला ठाऊक आहे. दुसरा सापडला नाही.

आईलाही एकदा हाच दिला होता. तिने निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"पूर्वी एकावर भागत होतं म्हणतेस. मग त्याचं का नाही भागलं?"

"आता गाड्यांची सवय झालीय ना, आई."

"२६ जुलैला गाड्या बंद होत्या," ती म्हणाली. "तू कुर्ल्याहून चालत घरी आलीस."