द्रासची भिंत

आज द्रासच्या युद्धस्मारकात जाऊन आले. गुलाबी दगडाची भिंत आणि तिच्यावर १९९९ च्या कारगिल युद्धात गेलेल्यांची नावं. सगळी वाचायचीच असं ठरवलं होतं, पण चौथ्या-पाचव्या नावापाशीच घसा दाटला.

मान वर केली की समोर तोलोलिंग. फोटोत नुसता डोंगर वाटतो. इथे उभं राहिल्यावर कळतं, तो चढ किती उघडा आहे. आडोशाला एक झाडसुद्धा नाही. वरून गोळ्या येत असताना आपली पोरं रात्री हाच चढ चढली. १३ जूनला शिखर हाती आलं.

शेजारी एक आजी उभ्या होत्या. त्यांनी एका नावावरची धूळ पदराने पुसली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.