नुक्सिओच्या पाइन जंगलात लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या शोधात

हेलसिंकीहून लोकल ट्रेनने एस्पो, तिथून बसने नुक्सिओ राष्ट्रीय उद्यान. शोध होता ॲकॅन्थोसिनस भुंगेऱ्यांचा. फिनलंडमध्ये यांच्या दोन जाती आहेत, एडिलिस आणि ग्रिसियस. कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड याच कुळातला. पण हे जिवंत झाडाच्या वाटेला जात नाहीत. यांच्या अळ्या मेलेल्या पाइनच्या सालीखाली वाढतात.

जायचं ते मे महिन्यात, उन्हाच्या दिवशी, अकरा ते चारच्या दरम्यान. प्रौढ भुंगेरे ऑगस्टच्या सुमारास तयार होतात, हिवाळा दडून काढतात आणि वसंतातल्या उन्हात खोडांवर येतात. ढग आले की सालीच्या भेगांत शिरतात, मग शोधण्यात अर्थ नाही.

सगळं खोडाच्या निवडीवर अवलंबून आहे. गेल्या हिवाळ्यात वादळाने पडलेला किंवा तोडलेला, साल घट्ट असलेला पाइन हवा. मादी सालीत अंडी घालते, म्हणून साल सुटलेली जुनी खोडं निरुपयोगी. बुंध्याकडच्या जाड सालीपासून सुरुवात करा. रंग अगदी सालीसारखा राखाडी-तपकिरी, त्यामुळे भुंगेरा शोधू नका, मिशा शोधा. एडिलिस १२ ते २० मिमी, पण नराच्या मिशा शरीराच्या तिप्पट ते पाचपट! मादीच्या मिशा बऱ्याच आखूड, आणि शेपटाकडे अंडी घालायची नळी बाहेर डोकावते. ग्रिसियस ८ ते १३ मिमी. दोघांच्याही पाठीच्या पुढच्या भागावर पिवळट केसांचे चार ठिपके असल्याने ठिपक्यांवरून जात ठरवू नका, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या.

फोटोत हमखास चुकतं ते मिशांचं: टोकं चौकटीबाहेर जातात किंवा धूसर येतात. सरळ वरून, थोडं लांबून, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११ वर ठेवून घ्या. आपली सावली अंगावर पडली की तो हलतो, म्हणून सूर्याकडे पाठ करून जवळ जाऊ नका, बाजूने जा.

साल सोलू नका. उद्यानात कीटक गोळा करायलाही मनाई आहे. आधीच गळून पडलेल्या सालीच्या आतल्या बाजूला लाकडाच्या तुसांनी वेढलेली लंबगोल खोली दिसली, तर ती कोषाची जागा. भुंगेरा दिसला नाही तरी लांब मिशांचं हे कुळ इथे नांदतंय याची खूण.

उद्यानाबाहेर रस्त्याकडेच्या ओंडक्यांच्या ढिगांवर भुंगेरे जास्त मिळतात, पण ढिगावर चढू नका, ओंडके घरंगळतात. गवतात गोचिड्या असतात, पँट मोज्यांत खोचा आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत तपासा.