केळं सगळ्यात शेवटी

फ्रूट सॅलड येत नाही, असं म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. पुरणपोळी जमत नाही हे लोक कबूल करतात, अनारसे तुपात हसले तेही चार जणांत सांगतात. पण फळं चिरून गार दुधात सोडायची, यात न जमण्यासारखं ते काय, असा सर्वांचा समज असतो. मग पाहुण्यांच्या तासभर आधी पातेल्यात डोकवावं, तर सफरचंद तांबूस, केळं काळपट, चिकूमुळे सगळ्याला मातकट छटा, आणि दुपारी छान दाट असलेलं कस्टर्ड संध्याकाळी पाणीपाणी. बहुतेक वेळा हाताचा दोष नसतो, घड्याळाचा असतो. कोणतं फळ कधी चिरायचं आणि कधी आत सोडायचं, ही या पदार्थातली मुख्य विद्या.

ती विद्या शिकरणात आधीपासूनच आहे. शिकरण कुणी सकाळी करून ठेवत नाही. पानं मांडली की केळी सोलायची, काप करायचे, दूध-साखर-वेलची घालायची आणि लगेच पोळीबरोबर वाढायचं. केळं चिरलं की त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी द्रव्यं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि फळातलं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांना तपकिरी करायला लागतं. सफरचंद, पेर, चिकू, पेरू यांचंही हेच. संत्र्याला हा त्रास नाही, कारण त्याचा आंबटपणा आणि त्यातलं क जीवनसत्त्व त्या विकराला डोकं वर काढू देत नाही. सफरचंदाला लिंबू चोळतात ते याचसाठी. मात्र फोडी दुधात जायच्या असतील तर लिंबापेक्षा मीठ बरं. एक लिटर गार पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवायचं, फोडी चिरता चिरता त्यात सोडायच्या, पाच मिनिटांनी उपसून साध्या पाण्यातून काढायच्या आणि चाळणीत पूर्ण निथळू द्यायच्या. खारट लागत नाहीत, आणि निदान जेवणं होईपर्यंत पांढऱ्या राहतात.

विळीबद्दल एक शब्द. भाजीला विळीसारखं दुसरं काही नाही, पण जुन्या लोखंडी विळीवर चिरलेलं सफरचंद नि पेरू जास्त लवकर काळे पडतात, कारण लोखंड आणि फळातली तुरट द्रव्यं एकत्र आली की काळपट रंग धरतो. स्टीलची सुरी घ्यावी. आणि ज्या फळीवर रोज कांदा-लसूण चिरला जातो, ती कितीही घासलेली असो, फळांना दाखवूही नये. दुधाला लसणाचा वास लागला की कुठलं व्हॅनिला तो झाकत नाही. एक फळी फळांसाठी वेगळी ठेवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत स्वस्त उपाय.

सर्वांत मोठा घात करतो तो अननस. ताजा अननस दुधात टाकला की थोड्या वेळाने सगळं कडवट लागायला लागतं आणि दोष दुधाला दिला जातो. दूध बिचारं चांगलं असतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. पपईत पपेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, काम तेच. उष्णतेने ही विकरं निकामी होतात, म्हणून डब्यातला अननस दुधात निमूट बसतो. तो डबाबंद करतानाच तापवलेला असतो. ताजा वापरायचा तर पाव किलो बारीक फोडींना तीन मोठे चमचे साखर लावून मंद गॅसवर सात-आठ मिनिटं, फोडी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवाव्या आणि पूर्ण गार झाल्यावर पाकातून निथळून घालाव्या. उरलेला पाक सरबताला. पपई मात्र शिजवून मिळमिळीत होते, तेव्हा तिला दुधापासून लांबच ठेवलेलं चांगलं.

आता कस्टर्ड. 1837 च्या सुमारास बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने बायकोला अंडी चालत नाहीत म्हणून अंड्याविना कस्टर्डची पावडर केली. त्या बाईंच्या पथ्यामुळे आपल्या शाकाहारी पंगतींची सोय झाली. पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. यातून एक गंमत होते. फळं उपासाला चालतात, दूध चालतं, साखर चालते, पण तिघांना जोडणारी पावडर मक्याची, त्यामुळे फ्रूट सॅलड एकादशीला चालत नाही. उपासाचं हवं असेल तर दूध निम्मं होईपर्यंत आटवावं. वेळ लागतो, पण चवीला ते कस्टर्डच्या वरचढच.

एक लिटर म्हशीच्या दुधाला अडीच मोठे चमचे पावडर, चमचा सपाट करून. पाकिटावर बहुधा याहून जास्त लिहिलेलं असतं, ते वाटीत थापायच्या कस्टर्डचं माप; फळं पोहण्यासाठी पातळ लागतं. दुधातलं पाऊण वाटी दूध गार असतानाच बाजूला काढून पावडर त्यात कालवावी. थेट गरम दुधात पावडर टाकली की दाण्यांचा बाहेरचा थर झटकन फुगतो, आतली पावडर कोरडीच कोंडली जाते आणि गुठळी होते. मग कितीही घोटा, ती फुटत नाही, गाळावीच लागते. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळून, न पुसता त्यात दूध ओतलं तर बुडाला कमी लागतं. उकळी आली की गॅस बारीक करून 100 ग्रॅम साखर घालायची. कालवलेली पावडर तोवर तळाला बसलेली असते, ती पुन्हा ढवळून एका हाताने धार धरायची आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहायची. दोन-तीन मिनिटं रटरटू दिलं की कच्च्या पिठाची चव जाते. गरम असताना हे ताकाइतकं पातळ वाटलं पाहिजे. इथेच जीव घाबरतो आणि आणखी एक चमचा पावडर पडते. ती पडू देऊ नये. गार झाल्यावर तेच बासुंदीसारखं होतं, आणि जो चमचा घाबरून घातला त्याने खीर होते.

गार करताना पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळावं, नाहीतर वर साय धरते आणि फळांबरोबर तिचे चिवट तुकडे दाताखाली येतात. साखरेची चव बघताना लक्षात ठेवायचं की गारव्याने गोडी दबते, म्हणून कोमट कस्टर्ड किंचित जास्त गोड लागलं तरी ठीक. किंचितच. फार गोड झालं तर त्याच्यापुढे द्राक्षं आंबट लागतात आणि नाशिकच्या द्राक्षांना उगाच नावं ठेवली जातात.

आणि हे चव बघणं! दुपारी दाट असलेलं कस्टर्ड संध्याकाळी पातळ होण्याचं एक कारण म्हणजे उष्टा चमचा. चाटलेला चमचा परत पातेल्यात गेला की लाळेतलं अमायलेज नावाचं विकर स्टार्चच्या साखळ्या तोडायला लागतं, आणि रात्रभरात अख्खं पातेलं सैल होऊ शकतं. उष्टं घालू नकोस म्हणून आज्या ओरडायच्या, त्यात सोवळं किती आणि रसायनशास्त्र किती होतं कोण जाणे, पण कस्टर्डच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. चव बघायची तर थोडं वाटीत काढून. दुसरं कारण, ओली फळं. धुतलेली द्राक्षं नि मिठाच्या पाण्यातलं सफरचंद पंचावर पसरून कोरडं केल्याशिवाय आत सोडू नये. कलिंगड तर मुळीच नको, ते स्वतःच पाणी सोडत राहतं.

फळं घेताना एक भेद ठाऊक असला की निम्मं काम होतं. केळी, चिकू, आंबा, पेरू ही घरी आणून पिकतात. द्राक्षं, डाळिंब, स्ट्रॉबेरी, संत्री आणि अननस झाडावरून उतरल्यावर गोड होत नाहीत, मऊ होतील फार तर. म्हणून केळी दोन दिवस आधी, पिवळी पण टोकाला हिरवट अशी आणावीत. द्राक्षं मात्र एक चाखल्याशिवाय घेऊ नयेत, मग विक्रेता कितीही गुरगुरो. त्यांच्यावरची पांढरी भुकटी दिसली की लोक औषध समजतात. फवारणीचे डाग असू शकतात, म्हणून धुवायचं आहेच, पण सारखा, पुसट, बोटाने पुसला जाणारा थर हा द्राक्षाचा स्वतःचा मेणचट लेप असतो आणि तो ताजेपणाची खूण आहे. स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी. देठ काढून धुतली की पाणी पिते.

महाराष्ट्रात फ्रूट सॅलडचा खरा महिना फेब्रुवारी. नाशिक-तासगावची द्राक्षं भरात, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चालू, घोलवडचे चिकू, सोलापूरकडची डाळिंबं आणि जळगावची केळी तर बारा महिने. लग्नं मात्र मेमध्ये! द्राक्षं संपत आलेली, स्ट्रॉबेरी कधीच गेलेली. म्हणून कार्यालयातल्या पिवळ्याधमक वाटीत सफरचंदाचे चार खडे आणि डाळिंबाचे दोन दाणे एकमेकांना शोधत फिरतात. खरं तर त्या दिवसांत हापूस किंवा केसर हाताशी असतो. पिकलेल्या पण घट्ट आंब्याच्या फोडी घातल्या तर बाकी फार काही लागत नाही.

फोडीचा आकार सगळ्यांना सारखा नको. सफरचंद कडक, तेव्हा त्याचे सेंटिमीटरभर चौकोनी तुकडे पुरे. केळ्याचे काप त्याहून जाड, नाहीतर ढवळताना लापशी होते. द्राक्षं उभी अर्धी कापावीत. अख्खं द्राक्ष चमच्यातून निसटतं आणि चिरलेलं दूध धरून ठेवतं. लिटरभर दुधाला चिरलेली फळं साधारण 700 ग्रॅम: दोन सफरचंदं, तीन केळी, पाव किलोच्या आत द्राक्षं, एक डाळिंब. चिकू घातलाच तर वाढताना वरून, कारण तो विरघळत जातो आणि रंग मळवतो.

दुधाशिवाय, नुसत्या फळांची डिश करायची तर नियम थोडे सैल होतात. अननस, पपई, संत्रं सगळ्यांना प्रवेश, आणि काळं पडू नये म्हणून अर्धा किलो फळांना एका संत्र्याचा रस आणि अर्ध्या लिंबाचा. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मिरपूड मात्र अगदी वाटीत घेतल्यावर. मीठ नि साखर दोघंही फळातलं पाणी ओढून काढतात. अर्धा तास आधी लावलं तर तळाला चविष्ट पण पातळ रस आणि वर सुरकुतलेल्या फोडी. त्या रसाचं सरबत होतं, हे खरं.

चिरलेली फळं उन्हाळ्यात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, त्यात दूध असलं तर आणखी कमी. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, स्टार्च पाणी सोडतं आणि केळं गिळगिळीत होतं. उरलं तर मिक्सरमधून फिरवून सकाळी पेल्यातून संपवावं, म्हणजे कुणाला उरलेलं वाटत नाही.

सगळं एका दिवसात बसवायचं तर कस्टर्ड आदल्या रात्री, अननस शिजवायचा असेल तर तोही. डाळिंब सकाळी सोलून डब्यात बंद. द्राक्षं सकाळीच धुऊन पंचावर. जेवणाआधी तासभर सफरचंद, मिठाचं पाणी, निथळणं. मग सफरचंद आणि द्राक्षं गार कस्टर्डमध्ये, पातेलं परत फ्रीजमध्ये. डाळिंब वरून, न ढवळता, म्हणजे गुलाबी ओघळ उतरत नाहीत. आणि पुऱ्यांचा पहिला घाणा कढईत गेला की केळी सोलायला घ्यायची.