मदतीच्या डोंगराची वारी

पहाटे साडेपाचला ओमाने दार वाजवलं तेव्हा मी जागीच होते. वारीच्या दिवशी झोप लागत नाही, हे माझ्या आजीकडून आलंय.

ओमा म्हणजे आजी. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची ही आजी, वय ब्याऐंशी. घरात, गल्लीत, चर्चच्या पायरीवर सगळे तिला ओमाच म्हणतात, म्हणून मीही. आदल्या दिवशी मैत्रीण आणि मी ग्योटिंगनहून रेल्वेने हायलिगेनश्टाटला उतरलो आणि दक्षिणेकडे चालत ओमाच्या गावी पोचलो. वाटेत गहू ओंबीवर आलेला, मधूनच बीच नावाच्या झाडांची गर्द राई, आणि प्रत्येक फाट्यावर दगडात कोरलेला क्रूस किंवा मरियेची छोटी देवळी. तिच्यापुढे कुणीतरी बरणीत ताजी फुलं ठेवलेली. असा मुलूख मी जर्मनीत दुसरीकडे पाहिला नव्हता.

याला कारण आहे. या भागाला आइक्सफेल्ड म्हणतात. शेकडो वर्षं तो दूरच्या माइन्त्सच्या आर्चबिशपच्या ताब्यात होता, 1802 पर्यंत. चहूबाजूचा मुलूख प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या मागे गेला. 1525 च्या शेतकरी उठावात इथले मठ लुटले गेले, जाळले गेले. नंतर 1575 मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर हायलिगेनश्टाटला आले, शाळा काढली, आणि हा प्रदेश प्रॉटेस्टंट मुलखाच्या मधोमध कॅथलिक राहिला. पुढे पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार आलं, त्यालाही इथली जपमाळ सोडवता आली नाही. 2011 मध्ये पोप बेनेडिक्ट इथल्या एट्झेल्सबाखच्या माळावर प्रार्थनेला आले तेव्हा सुमारे नव्वद हजार माणसं जमली होती. ओमाही होती. तो फोटो तिच्या स्वयंपाकघरात, टोपल्यांच्या वरच्या भिंतीवर आहे.

आमची वारी होती ह्युल्फेन्सबेर्गची. ह्युल्फे म्हणजे मदत, बेर्ग म्हणजे डोंगर. उंची 448 मीटर, आपल्या सह्याद्रीपुढे टेकडीच. माथ्यावर चर्च, त्यात मध्ययुगातला लाकडी येशू. लोक त्याला ‘मदतनीस’ म्हणतात. 1860 पासून शेजारी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. ईस्टरनंतर आठव्या रविवारी, पवित्र त्रैक्याच्या सणाला, इथे मोठी वारी भरते.

ओमाच्या गावच्या चर्चच्या अंगणात मंडळी जमली होती. पुढे निशाण, मागे पितळी वाद्यांचा ताफा, मग पोरंटोरं, मग आम्ही बायका. एक जण माळेची प्रार्थना म्हणायचा आणि अर्धी झाली की उरलेली अर्धी सगळे मिळून पुरी करायचे. शब्द मला नीट कळत नव्हते, पण चाल कळत होती. पुढच्याने टाकायचं, मागच्यांनी झेलायचं. दहा मिनिटांत माझी पावलं त्या तालात पडायला लागली, आणि हात आपोआप टाळ शोधायला लागले.

ओमा काठी घेऊन माझ्या शेजारून चालत होती. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडची, माझे आजी-आजोबा दसरा झाला की उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला जायचे, पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की परतायचे, हे मी तिला सांगितलं. ऊस म्हणजे काय ते मैत्रिणीने समजावलं. ओमा थांबली. म्हणाली, ‘आमचेही जायचे. बिटाला.’ इथे बापाची जमीन सगळ्या पोरांत वाटली जायची. वाटण्या होत होत पट्टे इतके अरुंद झाले की पोट भरेना. मग गावंच्या गावं हंगामाला बाहेर पडायची. बाप्ये गवंडीकामाला, बायका-पोरी माग्डेबुर्गकडे साखरेच्या बिटाच्या शेतात. तिची आजीही गेली होती. थंडीत, गुडघ्यांना पोती बांधून, चिखलातून बीट उपटायचं. मी माझ्या आजीचे बोटांच्या पेरांवरचे काप आठवत चालत राहिले. साखर गोड करणाऱ्या बायका तिकडेही घर सोडूनच गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. आणि वर्षभर पांगलेली माणसं या एका रविवारी डोंगरावर भेटायची. आमच्याकडे ती आषाढीला भेटतात.

दोन तासांनी गाइस्मार लागलं. डोंगराच्या पायथ्याचं हे लहानसं गाव. लाकडी चौकटींची घरं, दारात गुलाब. पाडरबोर्नचे बिशप कोनराड मार्टिन इथले, जन्म 1812 चा. कॅथलिक चर्चशी झगडणाऱ्या बिस्मार्कच्या सरकारने त्यांना 1874 मध्ये तुरुंगात टाकलं, ते परागंदा होऊन बेल्जियममध्ये वारले. त्यांच्या नावाचा उंच क्रूस 1933 मध्ये डोंगरावर उभारला गेला. पण ओमाला गाइस्मार आठवतं ते बहिणीसाठी. थोरली बहीण इथे दिली होती. तिच्या दारात आता भाचेसून टेबल मांडून बसली होती. पाण्याचे जग, फेल्डगीकर नावाचं जाड सॉसेज कापून ठेवलेलं, आणि श्मांडकूखन, म्हणजे आंबट सायीचा केक. मी माळकरी, सॉसेजला नको म्हटलं. तिने काही न विचारता केकचे दोन तुकडे ताटलीत वाढले.

तिथे बाकावर बसून ओमाने सांगितलं. 1952 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने पश्चिम जर्मनीच्या सीमेलगत पाच किलोमीटरचा पट्टा बंद केला. गाइस्मार आत गेलं, डोंगरही आत गेला. त्याच जूनमध्ये ज्यांच्यावर भरवसा नाही अशा घरांना सामान भरायला लावून दुसरीकडे हलवलं. त्या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं ‘कीड’. माणसांना कीड म्हणणारा कागद कुणीतरी टाइप केला असेल, त्यावर सही केली असेल. हे मला आजही गिळवत नाही.

ओमाचं गाव पट्ट्याच्या बाहेर राहिलं. बहीण दोन तासांच्या चालीवर, पण तिच्याकडे जायला पास लागायचा. अर्ज करायचा, वाट बघायची. बारशाला मिळाला, वडलांच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला मिळाला नाही. आणि वारी? पास नसलेल्याला वारी नाही. मठातले साधू मात्र आतच राहिले, मोजक्या माणसांसाठी घंटा वाजवत. मग त्या रविवारी ओमाची आई पोरींना घेऊन गावामागच्या चढावर जायची. तिथून डोंगर दिसायचा. त्याच्याकडे तोंड करून माळ म्हणायची आणि घरी यायचं. ‘सदतीस वर्षं,’ ओमा म्हणाली.

आमच्याकडे याला कळसाचं दर्शन म्हणतात, मी सांगितलं. गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर कळसाला हात जोडायचे, वारी रुजू होते. 2020 मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आजीची दिंडी निघालीच नाही. त्या एकादशीला आजी दिवसभर ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसली होती. कळसही दिसत नव्हता. त्याआधी तिची वारी कधी चुकली नव्हती, आणि त्यानंतर तिचे गुडघे उठले नाहीत.

ओमाने माझा हात धरला तो चढ संपेपर्यंत सोडला नाही. चढ रानातून आहे, दमवणारा. ताफा थांबून थांबून वाजवत होता. वर पोचल्यावर सगळे चर्चच्या दाराकडे वळले, ओमा मात्र मला घेऊन झाडांच्या कडेला गेली. फटीतून पलीकडची, पूर्वीच्या पश्चिम जर्मनीतल्या हेसे राज्याची शेतं दिसत होती. मध्ये कुंपण होतं तिथे आता गवत आणि झुडपं माजली आहेत. तो सबंध 1393 किलोमीटरचा पट्टा आता हिरवा ठेवायचा म्हणून राखतात.

ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग पाठ फिरवून उलट्या बाजूला, आम्ही आलो त्या दिशेला, काठीने दाखवलं. रानावरून, दूर, एक उघडा चढ होता.

‘आम्ही तिथे उभ्या राहायचो,’ ती म्हणाली, आणि स्कार्फ नीट करून चर्चमध्ये शिरली.