आमची वाटचाल: कानांनी शिकायचं प्रोग्रामिंग

दादरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत आधी फक्त जाहिराती आणि बोलकी पुस्तकं रेकॉर्ड व्हायची. प्रोग्रामिंगचे मराठी धडे सुरू केले ते विरार-बदलापूरहून रोज येणाऱ्या मुलामुलींसाठी. लोकलच्या गर्दीत लॅपटॉप उघडता येत नाही, पण कान मोकळे असतात.

पहिल्यापासून एक नियम कसोशीने पाळतो: कोड वाचून दाखवायचा नाही. कंस, कोलन, स्वल्पविराम ऐकून लक्षात राहत नाहीत, ते की-बोर्डवर बसूनच शिकायचे. कानांनी शिकायची ती त्यामागची रीत. बायनरी सर्चच्या धड्यात निवेदिका म्हणते, "१ ते १००० मधला एक आकडा मी मनात धरलाय. तो ५०० पेक्षा लहान आहे. आता तुम्ही कोणता विचाराल?" आणि थांबते. दर प्रश्नाला निम्मे आकडे बाद होतात, म्हणून हजारांतला आकडा दहा प्रश्नांत सापडतो. दहा लाखांतला वीस प्रश्नांत! हे स्वतः मनात करून पाहिलेला माणूस विसरत नाही, म्हणून ते थांबणं आम्हाला फार मोलाचं. नुसती शांतता ठेवली तर नेट गेलं असं वाटतं, म्हणून तिथे मंद तानपुरा असतो.

धड्याची फाइल मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या आवाजाची; वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. २० मिनिटांचा धडा १० एमबीच्या आत बसतो.

या धड्यांना सर्वात जास्त जीव लावला तो अंध विद्यार्थ्यांनी. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावर अर्थ बदलतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते सुरांनी ऐकायची सोय आहे: ओळ जितकी आत, तितका सूर वर. ही सोय आमच्या डोळस श्रोत्यांनाही समजावी म्हणून तिच्यावर वेगळा धडा केला. माझ्या मते तो आमचा सर्वात चांगला धडा.

स्टुडिओचं भाडं अजूनही जाहिरातींच्या कामातून निघतं. धड्यांच्या वर्गणीतून लेखक आणि निवेदकांचं मानधन भागतं.

सध्या रिकर्शनवर, म्हणजे मोठा प्रश्न त्याच्याच लहान रूपावर सोपवून सोडवायच्या रीतीवर, काम चालू आहे. चारचं फॅक्टोरियल (४×३×२×१) तीनच्यासाठी थांबतं, तीनचं दोनच्यासाठी. प्रत्येक पायरीला आवाज थोडा दूर नेतो आणि उत्तर परत येताना तसाच जवळ आणतो. हेडफोनवर छान उमटतं. मोबाइलच्या स्पीकरवर तो फरक अजून पुरता कळत नाही. तेवढं जमलं की धडा प्रसिद्ध करू.