घर मे महिन्यात, घोडा जूनअखेर

मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की हिशेब ठरलेला असतो. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मेमध्ये सामान हलवायचं आणि जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत घर लावून मोकळं व्हायचं. ज्यांचा स्वतःचा घोडा आहे, ते बहुतेक वेळा त्याच आठवड्यात त्यालाही न्यायचा बेत करतात. तसं करू नका. नव्या जागी गेलेल्या घोड्याकडे पहिले तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ मालकाने बघावं लागतं, आणि नेमके तेच दिवस गॅसची जोडणी, सुतार आणि न उघडलेली खोकी यांत जातात.

दुसरं कारण उन्हाचं. मेमध्ये फ्लोटच्या, म्हणजे घोडा नेण्याच्या बंद गाडीच्या, आत घोड्याच्या अंगाची उष्णता कोंडते. घामावाटे पाणी जातं आणि बरेच घोडे गाडीत पाण्याला तोंड लावत नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं की मोठ्या आतड्यातला चारा सुकतो, अडकतो आणि पोटशूळ सुरू होतो. हा त्रास पुष्कळदा प्रवासात दिसतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

माझं मत पक्कं आहे: घर आधी, घोडा नंतर, मध्ये किमान तीन ते चार आठवडे. जुन्या पागेचं महिन्याभराचं जास्तीचं भाडं पडेल, ते धरूनच चालावं. रेसचे घोडे दरवर्षी हाच रस्ता करतात हे खरं. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. पण त्यांच्याबरोबर त्यांचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस), त्यांची चंदी (दाण्याचा खुराक), त्यांचा डॉक्टर आणि शेजारच्या ठाणातले (बांधायच्या खोलीतले) ओळखीचे घोडेही जातात. तुमचा घोडा एकटा जाणार असतो.

जूनचा शेवटचा आठवडा मला बरा वाटतो, कारण तोवर पहिल्या सरींनी उष्मा उतरलेला असतो आणि घाटातला जुलैचा मोठा पाऊस अजून पुढे असतो. एकच तारीख धरून बसू नका, चार-पाच दिवसांची मुभा ठेवा. हवामान खात्याचा मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी निघायचं नाही. शनिवार-रविवार तर नकोच. लोणावळ्याची वर्षासहलीची गर्दी घाटात अडकवते, आणि उभ्या फ्लोटमध्ये दोन तास अडकलेला घोडा चालत्या फ्लोटमधल्या घोड्यापेक्षा जास्त बेचैन होतो.

जूनमध्ये जाण्याची एक अडचण आहे, ती चाऱ्याची. आपल्याकडे वाळलं गवत पावसाळा संपल्यावर कापलं जातं. म्हणजे जूनमध्ये मिळतं ते सात-आठ महिने साठवलेलं, आणि छप्पर गळकं असेल तर बुरशी धरलेलं. बुरशीच्या गवताने खोकला लागतो आणि पोटही बिघडतं. म्हणून नवी पागा बघायला जाल तेव्हा ठाणाआधी गवताची कोठी बघा. पेंढ्या जमिनीपासून फळ्यांवर उचलून ठेवल्या आहेत का, मधली पेंढी ओढून नाकाशी नेली तर कुबट वास येतो का, ऑक्टोबरपर्यंतचा साठा आत्ताच भरलेला आहे का, हे विचारा. ठाण बारा बाय बारा फुटांचं असावं आणि लघवीचं पाणी बाहेर काढणारा उतार असावा. रात्री दोनला फोन केला तर येणारा घोड्यांचा डॉक्टर कोण, हे पागेच्या मालकाला विचारा. तो उत्तराला अडखळला तर दुसरी पागा शोधा.

कागदांचं काम निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी सुरू करा. १९७८च्या प्राण्यांच्या वाहतुकीच्या नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला बरोबर लागतो. शिवाय चांगली पागा ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया या घोड्यांच्या दोन्ही संसर्गजन्य रोगांचे निगेटिव्ह अहवाल मागते, मागायलाच हवेत. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावं लागतं, त्यामुळे इथे ओळखपाळख चालत नाही. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसतं. अहवाल हातात आल्यावरच फ्लोट ठरवा. लसी प्रवासाच्या दोन आठवडे आधी संपवा, जंताचं औषधही तेव्हाच. नाल आठ-दहा दिवस आधी बसवून घ्या. आदल्या दिवशी नालबंद बोलावला आणि एखादा खिळा नाजूक भागाला लागला, तर घोडा नव्या जागी लंगडत उतरतो आणि लंगडण्याचं कारण गाडी की नाल, तेच कळत नाही.

चाऱ्याचा हिशेब नीट करावा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. चंदी बदलताना सगळे जपतात, गवत मात्र बिनदिक्कत बदलतात. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू जुन्या गवताला सरावलेले असतात. एकदम बदल झाला की पोटात वायू धरतो. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज साधारण दहा किलो वाळलं गवत लागतं. पहिले चार दिवस पूर्ण जुनं गवत, म्हणजे चाळीस किलो. मग तीन दिवस पाऊण भाग जुनं, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाव, हे आणखी पंचेचाळीस. सांडलेलं-भिजलेलं धरून शंभर किलो जुनं गवत बरोबर न्या. चंदी म्हणजे ओट, हरभरा, कोंडा जे काही असेल ते, दोन आठवड्यांचं त्याच पागेतून घ्या. आदल्या रात्री चंदी निम्मी करा, निघायच्या सकाळी अजिबात नको, गवत मात्र हवं तेवढं. आदल्या रात्री कोंड्याची लापशी देण्याची जुनी पद्धत आहे. एरवी कधी देत नसाल तर त्याच रात्री देऊ नका, तोही बदलच.

पाण्याचंही तसंच. महापालिकेच्या नळाच्या पाण्याला सरावलेला घोडा बोअरवेलचं जड पाणी नुसतं हुंगतो आणि सोडून देतो. निघण्याच्या आठवडाभर आधी जुन्या पागेतच एका बादलीत लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवून द्यायला लागा, शेजारी साध्या पाण्याची बादली असू द्या. नव्या जागी पहिले काही दिवस तोच गूळ, तीच बादली. दिवसाला पंचवीस लिटरच्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा.

फ्लोटमध्ये चढण्याची सवय तीन आठवडे आधीपासून करा. रोज दहा मिनिटं, आत गवत, बाहेर काढून परत. पहाटे चार-साडेचारला निघालात तर बहुधा ऊन चढायच्या आत पुण्यात उतरता. आत बांधताना दोर इतका सैल हवा की घोड्याला मान खाली घालता येईल. मान सतत वर बांधलेली राहिली की श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, आणि त्यातून फुप्फुसाचा संसर्ग होतो. प्रवासानंतर येणाऱ्या तापाचं हे फार मोठं कारण आहे. जाळीतलं गवतही भिजवून द्या, धूळ उडत नाही. बिथरणारा घोडा असेल तरी गुंगीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, घाटाच्या वळणांवर गुंगीतल्या घोड्याचा तोल जातो.

उतरल्यावर आधी पाणी, मग पंधरा-वीस मिनिटं हातात धरून चालवणं, मग गवत. चंदी संध्याकाळी, तीही निम्मी. पहिले दोन दिवस खोगीर घालू नका. जमलं तर जुन्या मोतद्दाराला दोन रात्रींसाठी बरोबर आणा आणि त्याचा भत्ता वेगळा द्या. खरारा करताना (ब्रशने अंग घासताना) घोडा कुठल्या बाजूला लाथ झाडतो, चंदी अर्धी टाकतो ती आजारपणाने की सवयीने, हे त्याच्याकडून नव्या मोतद्दाराला समोरासमोर कळलेलं बरं.

त्यानंतर दोन ते तीन आठवडे घोडा इतरांपासून वेगळा ठेवायचा. अहवाल निगेटिव्ह असले तरी स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी सुजवणारा) संसर्गजन्य रोग तीन ते चौदा दिवस अंगात लपलेला असू शकतो, आणि नाक वाहायच्या आधी ताप चढतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा ठाणाच्या दाराशी वहीत लिहा. साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस नेहमीचं, त्यावर गेला की डॉक्टर. पावसात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सरा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येऊन-जाऊन राहिला किंवा पायांवर, पोटाखाली सूज दिसली, तर रक्त तपासायला सांगा. बादली, खराऱ्याचा ब्रश, मोहरकी (तोंडाला बांधायचा दोर) सगळं वेगळं, आणि मोतद्दाराने नव्या घोड्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं.

जुन्या पागेतलं ठाण हे तीन आठवडे सोडू नका. नव्या ठिकाणी गवताची कोठी गळायला लागली किंवा ठरलेला डॉक्टर फिरकलाच नाही, तर पावसाळ्यात ऐनवेळी दुसरी जागा मिळत नाही.