हुसाविकचा देवमासा आणि आमचं अडकलेलं तिकीट

आधीच सांगते, देवमासा दिसला. तरी जूनमधल्या त्या दिवसाचं नाव निघालं की मला पहिल्यांदा आठवतो तो फोनवरचा 'कृपया प्रतीक्षा करा' नंतरचा पियानो.

उत्तर आइसलँडमधलं हुसाविक हे छोटंसं बंदर स्क्याल्फांदी नावाच्या खाडीवर आहे. १९९५ पासून इथे देवमासे दाखवायच्या बोटी नियमित सुटतात. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि सासूबाई. मुक्काम आकुरेरीला, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. सकाळी नऊच्या फेरीची तिकिटं दीड महिना आधी काढली होती. बंदराच्या कंपनीकडून नाही, तर एका मध्यस्थ वेबसाइटवरून, कारण तिथे पंधरा टक्के सूट दिसली. ही सूट पुढे आम्हाला फार महागात पडली.

साडेआठला बंदरावर पोहोचलो. लख्ख ऊन, आत पाणी तळ्यासारखं, आणि तिकीटघराच्या पाटीवर नऊच्या फेरीपुढे 'रद्द'. मला वाटलं चुकून लिहिलंय. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे समजावलं की खाडीचं तोंड उत्तरेला उघडं आहे, रात्री उत्तरेचा वारा होता, त्यामुळे बाहेर लाटा मोठ्या आहेत. धक्क्यावरून त्या कळत नाहीत. पटलं. समुद्राशी कोण भांडणार? म्हटलं, ठीक आहे, दुपारच्या फेरीत घाल.

"तुमचं बुकिंग आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. तिला फक्त आमचा नंबर दिसत होता. बदल करायचा हक्क त्या वेबसाइटचा. बोट हिची, खुर्च्या हिच्या, माणसं हिच्यासमोर उभी, पण तिकीट बदलणार दुसऱ्याच देशात बसलेलं कुणीतरी.

ॲप उघडलं. 'तारीख बदला' असं बटण होतं, दाबलं तर कॅलेंडर आलं आणि त्यात आजचा दिवस राखाडी. उद्यापासून पुढचे सगळे दिवस हिरवे. आम्ही उद्या पहाटे निघणार होतो. मग चॅट. तिथल्या यंत्राने तीनदा विचारलं, "तुमची फेरी कंपनीने रद्द केली की तुम्ही?" तीनदा 'कंपनीने' सांगितल्यावर त्याने तिकीट रद्द कसं करावं याचा लेख पाठवला आणि विचारलं, "तुमचा प्रश्न सुटला का?" मी 'नाही' दाबलं. तर तोच लेख पुन्हा.

शेवटी फोन. तिकीटघराबाहेरच्या बाकावर स्पीकर लावून आम्ही तिघं बसलो आणि तो पियानो सुरू झाला. दर दोन मिनिटांनी एक बाई येऊन आमचा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगायची. सासूबाईंना वाटायचं खरंच कुणी उचलला. त्या प्रत्येक वेळी "हॅलो" म्हणायच्या.

दरम्यान नवऱ्याने घोळात भर घातली होती. बोट लागू नये म्हणून त्याने आकुरेरीहून निघतानाच एव्होमिन घेतली होती. फेरी रद्द झाली, पण गोळी काही रद्द होत नाही. दहाच्या सुमारास तो बाकावर मान टाकून घोरत होता आणि मी फोनवरच्या त्या बाईशी एकटीने भांडत होते. गोळी घेण्याआधी फेरी नक्की सुटतेय ना ते बघा. सकाळी ईमेल तपासा, स्पॅमसकट. आमच्या रद्दीचं पत्र पावणेआठलाच येऊन तिथे पडलं होतं.

सदतीस मिनिटांनी माणूस बोलला. पैसे परत मिळतील, आजच्या फेरीत बदल करता येणार नाही, "सिस्टीम परवानगी देत नाही." तोवर दुपारची फेरीही रद्द झाली होती. रात्री साडेआठची नक्की होती, त्यात पाच जागा उरल्या होत्या, आणि माझ्यामागे चार जणांचं कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. जागा झालेला नवरा म्हणाला, "एकाच गोष्टीचे दोनदा पैसे द्यायचे नाहीत." तत्त्व म्हणून बरोबर होतं. मी कार्ड पुढे केलं. सासूबाई म्हणाल्या, "भर गं. तो बसेल तत्त्व धरून किनाऱ्यावर."

पहिले पैसे अकरा दिवसांनी परत आले, विनिमय दरात साधारण हजार रुपये कापून. तेव्हा थेट बोटवाल्या कंपनीकडूनच तिकीट काढा. आणि हुसाविकला दोन दिवस ठेवा, एक वाऱ्यासाठी.

फेरीपर्यंतचा वेळ बरा गेला. जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत देवमाशांचं संग्रहालय आहे, तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. त्याच्या जबड्याशेजारी उभ्या राहून सासूबाईंनी गणपतीपुळ्याची आठवण काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे किनाऱ्याला लागलेलं पिल्लू वाचवायला लोक झटले, पण ते गेलं. त्या रत्नागिरीच्या, त्यांना ते अजून लागून आहे. (याच आइसलँडमध्ये फिन व्हेल जातीचे देवमासे मारायचे परवानेही दिले जातात, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.) १९०७ च्या लाकडी चर्चसमोर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

संध्याकाळी बोटीवर जाड अंगरखे देतात, पायापासून गळ्यापर्यंत एकच. ते चढवण्याआधी बाथरूमला जाऊन या. हातमोजे स्वतःचे न्या. हलणं सोसत नसेल तर टोकाला न जाता बोटीच्या मधोमध उभं राहा.

पहिला तास नुसत्या लाटा आणि पफिन पक्षी. मग गाइड माइकवरून ओरडली, "अकरा वाजता!" बोटीचं नाक म्हणजे बारा, त्या हिशेबाने डावीकडे जरा पुढे बघायचं. सासूबाईंनी बाही वर करून घड्याळ पाहिलं. "अकराला अजून सव्वा तास आहे की!"

तोवर फवारा उडाला होता. हंपबॅक जातीचा देवमासा. इंजिन मंद झालं आणि तो पुन्हा वर आला तेव्हा मधे पन्नासएक पावलं पाणी असेल. आधी आवाज, ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा. मग वाऱ्याबरोबर वास. "मिरकरवाडा," सासूबाई नाक न दाबता म्हणाल्या. रत्नागिरीचं मासळी बंदर ते. पाठ वर आली, कमान झाली आणि शेपूट सावकाश उभी राहिली. कडेवरून पाण्याच्या धारा गळत होत्या, खालची बाजू पांढरी, तिच्यावर काळे ओरखडे. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, तिच्यावरूनच अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात. फोटोसाठी फोन काढेपर्यंत पाणी सपाट झालं होतं. पुढच्या वेळी मी फोन काढलाच नाही. तो आणखी चारदा वर आला. सासूबाईंनी हात जोडले होते, मोज्यांसकट.

परतताना गरम कोको आणि दालचिनीचा बन मिळाला. नवऱ्याने स्वतःचा बन आईला दिला, कारण दुसरी गोळी घ्यायला तो विसरला होता.

मध्यरात्री अजून उजेड असताना आकुरेरीकडे निघालो. वाटेत साडेसात किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि टोल ऑनलाइन भरायचा. नाही भरला तर भाड्याची गाडी देणारे वर आपला आकार लावून वसूल करतात. सकाळचा टोल राहिलाच होता, तो आता खोलीवर पोहोचल्यावर आठवला. दोन्ही एकदम भरले. टोलच्या वेबसाइटने दोन मिनिटांत पैसे घेतले आणि पावतीही पाठवली.